मुकादमाचं पथ्य

तोंडातलं बिस्किट मुकादमाने तळहातावर थुंकलं आणि यंत्राच्या सरकत्या पट्ट्याखालच्या डब्यात टाकलं. समोर यंत्राशी झटणाऱ्या फिटरने पान्हा खाली ठेवला.

"काय रे, अळी निघाली की काय?"

"नाही. पथ्य चालू आहे, विसरलो."

"कसलं पथ्य?"

"पित्ताचं," मुकादम म्हणाला.

बिस्किटांच्या कारखान्यात तुटका माल घरी न्यायला बंदी होती, खायला नव्हती. मुकादम वर्षानुवर्षं पॅकिंगच्या पट्ट्यापाशी उभा होता आणि तुटकी बिस्किटं येता-जाता तोंडात टाकत होता. तहान लागली की गोड थंड बाटली. जेवणाची वेळ पाळीप्रमाणे बदलायची, आणि पुष्कळदा कारखान्याच्या दारातल्या तळणावरच भागायचं. पोट सुटलं होतं. पण पोट कोणाचं सुटत नाही?

पित्त ही थाप होती. खरी गोष्ट डॉक्टरीणबाईंच्या खोलीत घडली होती.

त्याआधी, मूल होत नाही म्हणून, दोन दवाखाने झाले होते. तिथे बायकोलाच तपासलं, तिलाच गोळ्या, तिलाच इंजेक्शनं. ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. इंजेक्शन घेतल्याच्या दिवशी मशीनवर बसवत नसे, म्हणून उभ्यानेच कापड बेतायची. या नव्या डॉक्टरीणबाईंनी मात्र तिची जाडजूड फाईल न उघडताच विचारलं होतं, "यांची तपासणी कुठाय?"

ती कधी झालीच नव्हती. झाली तेव्हा कळलं, शुक्रजंतू कमी, आणि जे आहेत त्यातले बरेचसे मंद, वेडेवाकडे. काय काय खाता, असं बाईंनी विचारलं, तेव्हा तो मान खाली घालून एकेक सांगत गेला.

"सगळा दोष खाण्याचा, असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "पण खाण्याचा परिणाम होतो, आणि ते तुमच्या हातात आहे. भाज्या, फळं, कडधान्यं, मासे, अक्रोड. तळलेलं आणि गोड बंद. नवे शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तोवर धीर धरा. फरक पडेल. कदाचित पडेल."

जिना उतरताना तो बायकोला म्हणाला, "आईला यातलं काही बोलू नकोस."

ती कठड्याला धरून उतरत होती. "बरं," एवढंच म्हणाली.

घरातलं जेवण बदललं. तिने स्वतःचं ताटही त्याच्यासारखंच केलं. आईला हे काही रुचलं नाही. बटाटे तळून ती त्याच्यासमोर ठेवायची आणि तो बाजूला सारायचा, तेव्हा तिचा चेहरा पडायचा. मग शेजारणीशी बोलताना तिचा आवाज मुद्दाम चढायचा.

"बकरीसारखा पाला खायला घालते त्याला. स्वतःला मूल होत नाही, त्याचा राग माझ्या पोरावर काढतेय."

तो आत जेवत होता. त्याचा घास क्षणभर थांबला. बायकोने भाजीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. तो पुन्हा चावू लागला.

दुसऱ्या तपासणीचा कागद वाचून डॉक्टरीणबाई हसल्या. "बराच फरक आहे. जवळजवळ सगळं ठीक म्हणायला हरकत नाही. असंच चालू ठेवा."

त्याला काय करावं सुचेना. त्याने उभं राहून बाईंना दोनदा नमस्कार केला. बायको बसूनच होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मी इतकी वर्षं जी औषधं घेतली, ती लागत नव्हती ना?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आधी यांची तपासणी व्हायला हवी होती," त्या म्हणाल्या.

रस्त्यात तो भराभरा चालत होता, एकटाच बोलत होता. कोपऱ्यावर ती थांबली.

"आज आईंना सांगा."

"काय?"

"पथ्य कशाचं होतं ते."

"सांगतो की. त्यात काय एवढं? आता तर सगळं चांगलंच झालंय."

आई बैठकीत मटार सोलत बसली होती. दोघांना पाहून तिने नेहमीसारखं सुनेकडे बघत विचारलं, "काय म्हणाली डॉक्टर हिला?"

"आई," तो तिच्यासमोर बसला. "तपासणी माझी होती."

आईचे हात थांबले. "तुझी? तुला काय झालंय?"

बायको दारातच उभी होती. अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

"काही नाही," तो म्हणाला. "रिपोर्ट चांगला आलाय."

आईने मोठा श्वास सोडला. "मग मी इतकी वर्षं काय सांगत होते? माझ्या मुलात खोट असणारच नाही. आता तरी पटलं ना हिला?"

त्याने तोंड उघडलं. बायको त्याच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. ती फक्त वाट पाहत होती. त्याने पुढ्यातल्या ढिगातून एक शेंग उचलली आणि सोलली. मग दुसरी.

बायकोने चपला काढल्या आणि ती दोघांच्या मधून गॅलरीत गेली. दोरीवरचे कपडे काढत असावी, चिमटे डब्यात पडल्याचा आवाज येत होता. आई बोलत राहिली. तिच्या ओळखीत कोणी मोठा डॉक्टर होता, बायकांचाच, त्याच्या हाताला गुण होता.

"दाखवायला काय हरकत आहे? अं?"

"बघू," तो म्हणाला.

आत कपाटाचं दार वाजलं. मग बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. शेंगा संपल्या तेव्हा सालं टाकायला तो गॅलरीत गेला. दोरीवर त्याचे शर्ट होते, आईचे कपडे होते. मधल्या, बायकोच्या कपड्यांच्या जागा रिकाम्या होत्या.