कबुतरांचं वजन

सर्व्हरची डिस्क भरली तेव्हा त्साय मालकांनी सगळ्यात आधी हिरवं पाकीट तपासलं. सर्व्हरच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलं की यंत्र शहाण्या बाळासारखं वागतं, हे चांगहुआ शहरात शेंबडं पोरही जाणतं. फक्त पाकिटाची तारीख उलटलेली नको. ती उलटली होती. नवं पाकीट आलं, मालकांनी हात जोडले, तरी डिस्क आपली तुडुंब.

"म्हणजे पाकिटाचा दोष नाही," मालक म्हणाले. "दोष माणसांचा. श्यांगयिन, एक छोटा प्रोग्राम लिही. कुणाच्या फोल्डरनं किती जागा खाल्ली ते दिसलं पाहिजे. ज्याचं फोल्डर सगळ्यात जड, ते सगळ्यांदेखत रिकामं!"

कारखाना वजनकाट्यांचा, त्यामुळे मालकांना जगातली प्रत्येक गोष्ट काट्यावर चढवायची हौस. श्यांगयिन खूश झाली. तिला असली कामं आवडायची. शिवाय डिस्कवर जागा झाल्याशिवाय तिचा मासळीचा काटा पुढे सरकत नव्हता. ओली मासळी ठेवली की निथळणारं पाणी वजा करून खरं वजन दाखवणारा काटा. वर्षभर ती मासळीबाजारात मासे तोलत होती. त्या सगळ्या नोंदी तिच्या फोल्डरमध्ये होत्या आणि त्यांच्या जिवावरच काट्याला सरकारी शिक्का मिळायचा होता. मांजरं तिच्या मागे घरापर्यंत यायची, ती उगाच नाही.

प्रोग्राम लिहिणं अवघड नव्हतं. एकेका फोल्डरमध्ये शिरायचं, आतली फोल्डरं उघडायची, फाइलींचं वजन मिळवत जायचं. तिनं आधी नुसती एकूण बेरीज काढून पाहिली आणि कपाळाला हात लावला. डिस्कच्या पोटात मावतो त्याच्या दीडपट माल आत निघत होता!

"चुआंग दादा, हे बघा ना. बादलीत बादलीपेक्षा जास्त पाणी!"

चुआंग दादा तिचा गुरू. ती कारखान्यात आली तेव्हा साधा स्क्रू कुठून पिळायचा तेही तिला ठाऊक नव्हतं. सगळं त्यानं शिकवलं. तिच्या फोल्डरचा पासवर्डसुद्धा त्यानंच ठेवून दिला होता. शर्यतीची कबुतरं पाळणारा माणूस, बोलताना मान कबुतरासारखीच पुढेमागे करायचा.

"अगं वेडे," तो पडद्याकडे बघून जरा थांबला, मग हसला. "एकाच फाइलीला दोन फोल्डरांत दोन नावं देता येतात. माल एक, दारं दोन. तू दोन्ही दारांतून मोजतेयस. एकदाच मोज. जिथे पहिल्यांदा दिसेल, तिथेच."

"बरोबर! दादा, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं?"

"बा-वान खायला घाल, बस," दादा म्हणाला.

तिनं ते मांसाचं सारण भरलेले वाफाळते गोळे खायला घातले. वर तळलेल्या मिरचीची चटणी.

निकालाच्या सकाळी सगळी मंडळी जेवणाच्या खोलीत टीव्हीसमोर बसली. मालकांनी प्रोग्राम स्वतःच्या हातानं चालू केला. नावं वजनाच्या क्रमानं वर सरकली आणि सगळ्यांच्या वर, दुसऱ्या नंबरला मैलभर मागे टाकून, नाव आलं श्यांगयिनचं.

"चोराच्या उलट्या बोंबा!" मालक ओरडले. "उघड ते!"

उघडलं. मासळीच्या नोंदी कोपऱ्यात चिमूटभर. बाकी सगळं कबुतरं. खुराड्यात बसलेली, दाणे टिपणारी, निव्वळ झोपलेली कबुतरं, महिनोन्‌महिने, कॅमेऱ्यातून टिपलेली.

खोलीत हशा पिकला. कबुतरं कुणाची ते सगळ्यांनाच माहीत होतं. सगळ्यांनी चुआंगकडे पाहिलं.

"माझीच आहेत, मालक," तो डगमगला नाही. "दोन-चार व्हिडिओ दिले होते हिला हौसेनं बघायला. ही तर अख्खं खुराडंच घेऊन बसली!"

श्यांगयिन बोलायला उठली. तेवढ्यात दादा तिच्या कानाशी वाकला. "पोरी, या आठवड्यात माझी बढती आहे. आज मान खाली घाल. फोल्डर जाऊ दे, तुझ्या नोंदींचा बॅकअप दर शुक्रवारी घेतो ना मी? एक मासा हलणार नाही."

म्हणजे कबुतरं त्यानंच मुद्दाम तिच्या फोल्डरमध्ये ठेवली होती तर. पण दादा तो दादाच. शिकवणाऱ्याला चारचौघांत तोंडघशी पाडायचं कसं?

"चुकलं, मालक," ती म्हणाली. "मला... कबुतरं फार आवडतात."

"मग आता दाब बटण."

तिनं दाबलं. फोल्डर गेलं.

मालक डिस्ककडे बघत राहिले. डिस्क हलेना. एवढा हत्ती बाहेर काढला आणि मोकळी झाली फक्त मुंगीएवढी जागा.

"पाकीट बघा रे," मागून कुणीतरी म्हणालं.

"पाकीट गेलं खड्ड्यात! श्यांगयिन, तुझा तो फोल्डरं तोलणारा काटा परत लाव."

तिनं लावला. आता सगळ्यांच्या वर नाव होतं चुआंगचं. एक दार बुजलं होतं. माल दुसऱ्या दारामागे जसाच्या तसा होता. आधी तिचं फोल्डर वाटेत पहिलं यायचं, म्हणून सगळं वजन तिच्या माथी. आता ते नाही म्हटल्यावर प्रोग्रामनं चुआंगच्याच शिकवणीप्रमाणे माल पहिल्यांदा दिसला तिथे मोजला.

"वा रे पठ्ठ्या!" मालक म्हणाले. "एकाच कलिंगडावर दोन गाळ्यांच्या चिठ्ठ्या! उडवा याचं पण."

"थांबा!" चुआंग खुर्चीवरून उठलाच. "हिचा बॅकअप त्यातच आहे! सांग ना गं यांना!"

मालकांचा हात अधांतरी राहिला. श्यांगयिनला वाटलं, मघाशी खाली घातलेली मान चला, सार्थकी लागली. तिनं प्रोग्राम चुआंगच्या फोल्डरच्या आत वळवला. तिच्या नावाचं फोल्डर खरंच होतं. आत शुक्रवारच्या तारखा, कशा ओळीनं, एकही खाडा नाही. आणि प्रत्येक तारखेपुढे वजन: शून्य. शून्य. शून्य. ती खाली सरकवत गेली. प्रोग्रामच चुकला असेल म्हणून एक फोल्डर हातानं उघडलं. आत काही नव्हतं.

"जागाच नव्हती गं," चुआंगची मान पुढेमागे व्हायला लागली. "नर बसला होता अंड्यांवर, त्याचं चित्रीकरण चालू होतं. बॅकअप मावेना. पण फोल्डरं मात्र न चुकता केली हं मी! एक शुक्रवार चुकवला नाही!"

कुणी हसलं नाही. हसण्यात पटाईत असलेला पॅकिंगवालासुद्धा चहाच्या कपात बघत बसला.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "मी बटण दाबत होते तेव्हा."

"मला वाटलं, तू परत तोलशील. हात बसलाय तुझा."

मालकांनी बटण दाबलं. कबुतरं गेली, डिस्क मोकळी झाली, मालक खूश. "काय झकास काटा बनवलाय पोरीनं! मासळीचं बघू पुढच्या वर्षी."

दुपारी तिनं बाजारातून बर्फासकट मासळीची पाटी आणली, टेबलावर मासळीचा काटा मांडला आणि पहिला मासा ठेवला. पाणी निथळायला लागलं. चुआंग येऊन शेजारी टेकला.

"रागावलीस? चल, मी धरतो, तू लिही. दादा आहे ना तुझा."

तिनं आकड्याकडे पाहिलं. एवढ्याशा माशाचं हे वजन शक्यच नव्हतं.

"चुआंग साहेब," ती म्हणाली, "पारड्यावरचा हात काढा. वजन चुकतंय."