माझ्या छातीतली काजळी

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल जीप आहे. माझ्या पत्र्याचे पोपडे निघाले आहेत आणि मागचे दार दोरीने बांधावे लागते, हे मला ठाऊक आहे. पण आज मला तुम्हाला पत्र्याविषयी सांगायचे नाही. जे कोणाला दिसत नाही त्या माझ्या छातीविषयी सांगायचे आहे.

माझी पहिली सात वर्षे जालन्याच्या एका बियाणे कंपनीत गेली. बियाण्याच्या पिशव्या आणि साहेब लोक घेऊन मी लांब लांब पळत असे. पळून पळून अंग चांगले तापे आणि श्वास मोकळा राही. नंतर मला राजानंदभाऊंनी घेतले. तेव्हापासून मी तीर्थपुरीजवळच्या त्यांच्या वस्तीत राहते. भाऊंनी माझे खूप लाड केले. दर रविवारी अंघोळ, वेळेवर तेल, आणि चौदा एप्रिलला माझ्या कपाळावर निळा झेंडा. त्या दिवशी माझ्याइतकी ऐटदार गाडी पंचक्रोशीत नसे.

रोज सकाळी वस्तीवरच्या नऊ मुलींना मी तीर्थपुरीच्या शाळेत सोडते. दिवसभर स्टँडवरून प्रवासी नेते आणि संध्याकाळी मुलींना परत आणते. आमच्या वस्तीवर एसटी येत नाही. उसाच्या फडांमधून आठ किलोमीटर वाट आहे, आणि तेवढे रोज चालायला कोणी आई मुलीला पाठवत नाही.

आता माझ्या दुखण्याकडे येते. आमच्याकडे जीपवाल्यांची एक जुनी रीत आहे. स्टँडवर सीट भरेपर्यंत इंजिन बंद करायचे नाही. गाडी घुरघुरत असली की माणसाला वाटते, ही निघालीच, आणि तो घाईने येऊन बसतो. भाऊही तेच करीत. मी पाऊण पाऊण तास जागच्या जागी घुरघुरत उभी राही. सीट भरल्यावरही ते मला जपून, अगदी हळू चालवीत. म्हातारीला दम लागू नये, हा त्यांचा चांगला हेतू.

मित्रांनो, मला तेच बाधले. माझ्यात एक झडप आहे. ती थोडा धूर परत आत घेते. दुसरीकडून माझ्या पोटातली तेलाची वाफ येते. अंग नीट तापलेले नसले की धुरातली काजळी आणि ही तेलाची वाफ एकमेकींना चिकटतात आणि हवेच्या नळीत डांबरासारखा थर बसतो. वर्षानुवर्षे तो वाढत गेला. मला चढावर धाप लागू लागली. मागून काळा धूर निघू लागला आणि दाराच्या फटीतून तो आत मुलींपर्यंत जाऊ लागला.

त्या नऊ जणींत राजनंदिनी नावाची सातवीतली मुलगी आहे. तिला दमा आहे. एका गुरुवारी ती इतकी खोकली की भाऊंनी मला मध्येच थांबवले. तिला खाली उतरवून बांधावर बसवावे लागले. मला फार शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची आई उषाबाई आमच्या दारात आली.

"राजानंदभाऊ, भांडायला न्हाई आले. सोमवारी सकाळी मी गाडीच्या मागं उभी राहीन. माझे डोळे चुरचुरले तर पोरगी बसायची न्हाई. बाकीच्या आया माझ्याकडं बघून राह्यल्यात."

"शाळा बुडंल ना पोरींची, ताई."

"बुडंल. पर छाती बुडली तर शाळा काय करायची?"

शनिवारी सकाळीच त्यांनी संपत मिस्त्रींना बोलावले. मिस्त्रींनी माझी हवेची नळी उघडली, आत बोट घातले आणि काळेकुट्ट बोट भाऊंसमोर धरले.

"हे काय हाये?"

"काजळी."

"निम्मा रस्ता बुजलाय हिचा. स्टँडवर किती वेळ चालू ठेवतो रे?"

"सीट भरंपर्यंत. बंद केली की लोकं म्हणतात, ही कव्हा निघायची."

"मंग ही गाडी न्हाई, चूल हाये. धूर काढायला ठेवलीय तू."

भाऊंच्या पत्नी कौसल्यावहिनी हसल्या. "मी दोन वर्षं हेच सांगून राह्यले. माझं कोण ऐकतं? मिस्त्रीनं चूल म्हटलं की बराबर पटलं."

भाऊंनी बाजारातून नळीत फवारायच्या औषधाची बाटली आणू का, असे विचारले. मिस्त्री म्हणाले, एवढ्या जाड थराला बाटली पुरत नाही. हातानेच काढावे लागेल.

मग काम सुरू झाले. नळी आणि झडप सोडवून डिझेलच्या घमेल्यात भिजत घातली. इंजिनाची चार तोंडे उघडी पडली होती. त्यांत कचरा जाऊ नये म्हणून वहिनींनी जुन्या लुगड्याचे चार बोळे कोंबले. भाऊ खरडायला विळा घेऊन आले, तर मिस्त्रींनी तो काढून घेतला. "मऊ धातू हाये. ओरखडा पडला की तिथंच पुन्हा घाण धरंल. बांबूच्या काड्या तास." दिवसभर दोघे नवराबायको काड्यांनी आणि दात घासायच्या जुन्या ब्रशांनी खरडत बसले. पपडी निघायची, खाली पुन्हा थर. कोपरापर्यंत हात काळे झाले. रविवारी दुपारपर्यंत धातूचा खरा रंग दिसला.

जोडणीच्या वेळी वहिनींनी बोळे काढले. तीनच निघाले.

"चौथा कुठं हाये?" मिस्त्रींचा आवाज बदलला. "तो आत ऱ्हायला तर इंजिन गेलं समजा."

घमेले पाहिले, गोणपाट झटकले. बोळा नव्हता. भाऊ म्हणाले, "पडला आसंल कुठं तरी. जोडा, उद्या सकाळी जायचंय." वहिनी माझ्यासमोर आडव्या उभ्या राहिल्या. "चार कोंबले, चार दिसंपर्यंत न्हाई जोडायचं. रात झाली तरी चालंल." त्यांनी बॅटरीचा उजेड पाडून एकेक तोंड तपासले. तिसऱ्या तोंडात, अगदी खोल, लुगड्याच्या काठाचा हिरवा धागा दिसला. लांब चिमट्याने त्यांनी तो बोळा हळूहळू ओढून काढला, तोवर मी श्वास रोखून होते.

गाडी सुरू केली तर भसकन पांढरा धूर आला. भाऊंचा चेहरा उतरला. "घाबरू नको," मिस्त्री म्हणाले, "आत ऱ्हायलेलं डिझेल जळून राह्यलंय. कुंभार पिंपळगावच्या रस्त्यानं तापवून आण. लाड करू नको, दाबून पळव." किती वर्षांनी मी पोटभर धावले! परत आले तेव्हा श्वास मोकळा होता.

सोमवारी सकाळी उषाबाई माझ्या मागे उभी राहिली. तिच्यामागे आठ आया. भाऊंनी मला सुरू केले. नळकांड्यातून पातळ, करडी रेघ निघाली आणि विरून गेली.

"आणखी रेस द्या," ती म्हणाली. दिली. "पुन्हा द्या." पुन्हा दिली.

तिने पदराने डोळे पुसून पाहिले. "न्हाई चुरचुरले. पर मी बी येते शाळेपर्यंत." ती मुलीजवळ बसली आणि आठ किलोमीटर तिच्या छातीवर हात ठेवून होती. राजनंदिनी एकदाही खोकली नाही. उतरताना उषाबाई भाऊंना एवढेच म्हणाली, "चार वाजता घेऊन या पोरींना."

मित्रांनो, आता स्टँडवर भाऊ माझे इंजिन बंद करतात. काही प्रवासी दुसऱ्या गाडीकडे वळतात, तरी ते करतात. तुमच्या घरी जुने यंत्र असेल तर त्याला नुसते पुसू नका. त्याला राबवा, वेळेवर आतून उघडून पाहा, आणि धूर दिसताच विचारा की हा कशाचा. काजळी पुन्हा बसेल, मला माहीत आहे. बसली की आम्ही पुन्हा खरडू. उद्या सकाळी मला नऊ मुलींना शाळेत पोचवायचे आहे.