शरयूचं उत्तर

शरयूला इंग्रजी येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या सुपरमार्केटात कूपनची तारीख उलटली म्हणणाऱ्या कॅशियरला ती चांगली फैलावर घ्यायची. पण डॉक्टरांसमोर बसलं की तिच्या वतीने बोलायचं ते तिच्या नवऱ्याने, प्रसन्नने. भूक तिची, झोप तिची, पाळी तिची, उत्तरं मात्र त्याची. यात काही वावगं आहे असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं.

सत्त्याऐंशीच्या एप्रिलमध्ये तपासणीला गेले, तेव्हा ती हळूच म्हणाली होती, "अहो, छातीत गाठ लागतेय हाताला. सांगा ना त्यांना."

प्रसन्न कानापर्यंत लाल झाला. डॉक्टर पडले पुरुष. "शी इज जस्ट टायर्ड," त्याने सांगून टाकलं. गाडीत म्हणाला, "जूनमध्ये इंडियाला जातोयच ना? तिथे लेडी डॉक्टरला दाखवू. रिलॅक्स."

मग ऑफिसचं प्रोजेक्ट लांबलं, तिकिटं कॅन्सल केली आणि गाठ राहिली तिथेच. छे, तिथेच कुठली राहते! वाढली. फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. त्याच्याच शेजारी उभी राहून शरयू रोज पोळ्या लाटायची. तो उचलायला कुणाची परवानगी लागत नाही, हे तिला फार उशिरा सुचलं. थंडी पडल्यावर एकदाचा तिने स्वतः डॉक्टरांचा नंबर फिरवला.

आज रिपोर्ट आला होता. गाठ कॅन्सरची होती आणि काखेपर्यंत पोचली होती. पहिल्यांदा केव्हा जाणवली, डॉक्टरांनी विचारलं.

"टू, थ्री वीक्स," प्रसन्न म्हणाला. सवयीने की भीतीने, देव जाणे.

शरयूने त्याच्याकडे पाहिलं. घाबरलेला, दाढी न केलेला तिचा माणूस. त्याला सांभाळून घ्यावंसं वाटलं. आजवर तेच तर केलं होतं. पण खोट्या उत्तरावर औषध कसं ठरणार? जीव तिचा होता.

"नो," ती म्हणाली. "लास्ट एप्रिल. बिफोर माय चेकअप."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग तेव्हाच मला का नाही सांगितलंत, त्यांनी हळुवारपणे विचारलं.

"आय टोल्ड," शरयू म्हणाली. "हिअर ओन्ली. आय टोल्ड इन मराठी."

प्रसन्नने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, नुसतं भडभडून आलं. डॉक्टर ऑपरेशनचं विचारू लागले, औषधांचं विचारू लागले. एकेका प्रश्नाला ती एकटीच उत्तर देत गेली. आणि नेमकं आता, त्याने एक तरी शब्द बोलावा असं तिला फार वाटत होतं.