अठ्ठ्याण्णव टक्के खात्री

कल्याणच्या मार्केटमागे दिपेशशेठचं केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर आहे. बारा वर्षं शालन तिथे दर दोन तासांनी आत जाते, केळ्याच्या गरात थर्मामीटर खुपसते, बोटाने दाबून बघते.

आता तापमान मोजून गारवा सांभाळणारं मशीन आलं. कंपनीची क्षिप्रा म्हणाली, हे स्वतःच शिकतं, स्वतः किती वीज खातं तेही याला कळतं. जिथे खात्री असेल तिथे कमी वेळा मोजतं. वीज निम्मी. दिपेश लगेच पाघळला. एक तारखेपासून फेऱ्या बंद, म्हणाला. फेऱ्या बंद म्हणजे शालन बंद. एवढं बोलायची हिंमत मात्र त्याला झाली नाही.

शालन रडली-बिडली नाही. नववी शिकलेल्या बाईने सरळ विचारलं, वीज वाचली हे कोण सांगतं? मशीन. माल बरा आहे हे? तेही मशीनच. म्हणजे पेपर लिहिणारा तोच, तपासणारा तोच. आणि डेमोला खोली अर्धी भरलेली, क्रेट सुटे सुटे. अशी खोली या मार्केटात कोणी बघितली आहे?

"एक खोली सणासारखी ठासून भरा," ती म्हणाली. "मधल्या रांगेत माझा थर्मामीटर. दोन दिवस दार उघडायचं नाही. पारा वीस अंशांच्या आत निघाला तर मी आपली घरी जाते. आधीच सांगते, नंतर बोलाबोली नको."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिघांनी दार उघडलं. स्क्रीन हिरवीगार. तापमान सतरा, खात्री अठ्ठ्याण्णव टक्के.

शालनच्या थर्मामीटरवर सव्वीस. तिने मधल्या क्रेटमधलं केळं सोललं. साल हिरवी, आत लगदा. माल शिजलेला.

क्षिप्राने नोंदी काढल्या. आधी दर पाव तासाला मोजलं होतं, मग तासाने, शेवटचे अठरा तास एकदाही नाही. सेन्सर भिंतीला, गार वाऱ्यात; मधला ठासलेला माल पिकताना आपल्याच उष्णतेने तापत गेला. चूक दिसली नाही म्हणून खात्री वाढली, खात्री वाढली म्हणून बघणं कमी झालं, बघितलंच नाही तर चूक दिसणार कशी? पोरगी सरळ होती, वाद घातला नाही. सेन्सर मध्ये आणू, म्हणाली, आणि पुढची चाचणी अशाच भरलेल्या खोलीत.

दिपेश लगदा हातात घेऊन उभा होता. शालनकडे न बघता म्हणाला, "फेऱ्या चालू राहू देत."

"शालनताई, रिपोर्टात काय लिहू?" क्षिप्राने विचारलं.

"झोपलं होतं म्हणून लिही," शालन थर्मामीटर पुसत म्हणाली. "आणि झोपेत वीज वाचते, तेही लिही. खोटं कशाला बोला."