सूचीतून गळलेली जाळी

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. जुनी म्हणजे अवघी तीन वर्षांची, पण कॉम्प्युटरच्या जगात तेवढ्यात म्हातारपण येतं. माझ्या अंगावर गंज नाही, ओरखडा नाही. असणार कुठून? मला लोखंड कधी लाभलंच नाही. मी फक्त पडद्यावर आहे.

माझा जन्म घोडपदेवच्या एका चाळीत, अनुजाच्या लॅपटॉपवर झाला. अनुजा यंत्रांची रेखाटनं करते. लालबागच्या रमाकांतशेठना आपल्या मसाल्याच्या दुकानासाठी नवं कांडपयंत्र घडवून घ्यायचं होतं. चार लोखंडी मुसळं धडाधड आपटतात आणि मिरच्यांचं तिखट होतं, ते यंत्र. जुन्या यंत्रावर शेवंतीमावशी बसायच्या. बाजूला उडालेल्या मिरच्या हाताने परत मुसळांखाली ढकलायच्या. वीस वर्षं हेच. मुसळ उठलं की हात आत, पडायच्या आधी बाहेर. सगळं आवाजाच्या तालावर.

हे अनुजाने दुकानात जाऊन पाहिलं. तिने मोजपट्टी काढली आणि मावशींची बोटं मोजायला घेतली.

"काय गो, हात बघतंस? नशीब सांगणार काय?" मावशी हसल्या.

"नाही मावशी, जाळी करतेय. मिरची दिसेल, पण बोट आत जाणार नाही. ढकलायला लाकडी दांडा देणार तुम्हाला."

"मग हे पहिलं बोट नीट मोज. हेच मोठं आगाव आहे."

त्या आगाव बोटावरून माझ्या फटींची रुंदी ठरली.

पडद्यावर यंत्र जोडायची एक रीत असते. प्रत्येक भाग वेगळा काढायचा, मग एकत्र आणायचे. आधी बैठक, ती एका जागी खिळवायची. बाकीच्यांनी तिच्याशी आणि एकमेकांशी नातं सांगायचं. या भोकाचा मध्य त्या दांड्याच्या मध्यावर, ही बाजू त्या बाजूला टेकून. नातं चुकलं तर भाग हवेत तरंगतो, नाहीतर दुसऱ्याच्या पोटात घुसतो. मी सगळ्यांत शेवटी आले, सत्तेचाळिसावी. माझी चार भोकं चौकटीच्या चार भोकांवर अशी बसली, की अनुजा म्हणाली, "हं! आता कशी शोभतेस." माझ्या आयुष्यातलं कौतुक ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन दुकानात गेली. रमाकांतशेठ पडद्याकडे बघून म्हणाले, "अगं, ही जाळी मधे कडमडतेय."

"काका, ती हातासाठी आहे."

"ते कळतं गं. पण आपल्याकडच्या बायका कशा आहेत ठाऊक आहे ना? आपल्या मिरच्या आणतात आणि कांडून होईपर्यंत यंत्रापुढून हलत नाहीत. डोळा मिटत नाहीत! जाळी बघितली की म्हणतील, शेठ काहीतरी लपवतोय."

"फटींतून सगळं दिसतं, काका."

"बरं, आत्तापुरती तरी काढ. मुसळं चालताना बघू दे."

आता नीट ऐका. भाग नजरेआड करायच्या दोन तऱ्हा आहेत. 'हाइड' केलं तर तो पडद्यामागे जातो, पण कारखाना जिच्यावरून यंत्र घडवतो, त्या भागांच्या सूचीत मोजला जातो. 'सप्रेस' केलं तर तो जणू जन्मलाच नव्हता. माझ्या शेकडो फटींमुळे बिचारा लॅपटॉप अडखळत होता. म्हणून अनुजाने मला सप्रेस केलं. माझं नाव करडं पडलं आणि मुसळं झरझर नाचू लागली.

"वा! पोरी, हात आहे का काय!" शेठ म्हणाले. चहा आला, बटाटेवडे आले. तिथेच बसून अनुजाने सूची छापली, खाली सही केली. सूचीत सेहेचाळीस भाग होते. ती वाईट नव्हती हो. कौतुकात विसरली.

यंत्र आलं तेव्हा मावशींनी विचारलं, "ती जाळी कुठाय?"

"येतेय मागून," शेठ म्हणाले.

एप्रिलमध्ये मसाल्याचा हंगाम भरात आला. यंत्र नवं, भरधाव. मावशींचा ताल वीस वर्षांचा. उजव्या हाताची तीन बोटं गेली. ते आगाव बोट त्यांत पहिलं.

त्याच आठवड्यात शेठ अनुजाच्या घरी आले. "ती जाळी आहे ना अजून तुझ्याकडे? परत लाव. नवा कागद काढ, तारीख जुनीच टाक."

"काका, ती बनलीच नाहीये!"

"सूची कुणी छापली? सही कुणाची?"

अनुजाने लॅपटॉप उघडला. मग तिने एक बटण दाबलं आणि मी क्षणात परतले. चारही भोकं जागेवर. इतकी तंतोतंत बसले, की मला माझीच लाज वाटली.

अपघाताच्या चौकशीचे सरकारी साहेब दुकानात आले तेव्हा शेठनी अनुजाला बोलावून मला तिच्या लॅपटॉपवरही दाखवलं, कागदावरही. साहेब मावशींना म्हणाले, "जाळी तर आहे की. बाई, तुम्ही काढून का ठेवलीत?"

"आलीच नाही ती, साहेब." मावशींचा हात पट्टीत होता. त्या अनुजाकडे वळल्या. "तू बोटं मोजली होतीस ना गो? सांग की ह्यांना."

अनुजा लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिली. यंत्र दहा पावलांवर होतं. चौकटीच्या भोकांभोवतीचा रंग कोरा होता, तिथे कधी बोल्ट आवळलाच नव्हता. ते बघायला कुणी उठलं नाही. बाईंचा निष्काळजीपणा, असं लिहून झालं.

मावशींच्या जागी आता चंपा बसते. एकोणीस वर्षांची आहे, हाताने मिरच्या ढकलते. यंत्राला जाळी अजून नाही. कागदावर आहे ना, मग नव्याने कशाला करायची?

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या यंत्रं जोडेल. कुणाच्या हाताच्या रक्षणाला उभा असलेला भाग घटकाभर काढलात, तर जागेवरून उठायच्या आधी तो परत लावा. आणि आईबरोबर मिरच्या घेऊन तिथे उभे राहाल, तेव्हा मसाल्याइतकंच चंपाच्या हाताकडेही बघा. शेठना विचारा, जाळी कुठे आहे? त्यांनी कागद पुढे केला, तर आपल्या मिरच्या उचला आणि आईला घरी घेऊन चला.