दाढेतलं सोनं

"माजं सोनं कुठाय?"

मथुराबाई आरशात दात बघत होत्या आणि मी शाबासकीची वाट पाहत उभा होतो. त्यांचा पुढचा दात ठणकत होता. त्यातलं जुनं सोनं काढून मी दाताच्याच रंगाचं सिमेंट भरलं होतं. ते काचेवर घोटताना पोलादी पट्टी वापरली तर रंग काळवंडतो, म्हणून मी हाडाची पट्टी ठेवली होती. धाराशिवात असं काम करणारा मी एकटाच, आणि ही ऐट मी कधी लपवली नाही.

"सोन्याखाली कीड होती, मावशी. आता बघा, भरलेला दात कुठला ते कळतंय का?"

"सोनं कुठाय ते सांगा की!"

मी तो कण कागदावर घेऊन पुढं केला. "हे घ्या. पुडी बांधून देतो."

"पुडीतलं माज्या तोंडात कोण घालंल?"

मथुराबाई सरकारी दवाखान्यात आया होत्या. नवरा कधीच गेलेला, पोरबाळ नाही.

"वॉर्डात बेवारस मानसं मरतेत, डॉक्टर. त्यांच्या तोंडात तुळशीचं पान मीच घालते. सोनं कुठनं आणू? म्हणून माजं म्या आधीच सोलापूरला जाऊन दातात बसवून घेतलं. मरताना तोंडात सोनं पायजे, अन् आपल्याला तर कुणीच न्हाय."

दातातलं सोनं म्हणजे मिरवायची हौस, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. काढण्याआधी विचारावं एवढंही सुचलं नाही, याची लाज वाटली.

"परत तितंच बसवा."

"त्या दाताची कड ठिसूळ झालीय. सोनं ठोकून भरावं लागतं, दात फुटेल."

त्यांनी तोंडात बोट घातलं. "मग हितं बसवा. हिकडच्या दाढंत."

"ती दाढ चांगली आहे, मावशी! निरोगी दाढेला भोक पाडू?"

"चांगली हाय म्हणूनच म्हणते. शेवटपतूर माज्यासंगं ऱ्हाईल."

त्या मागं टेकल्या, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. बाहेर बाकावरचे पेशंट खाकरत होते. निरोगी दाताला मी आजवर कधी हत्यार लावलं नव्हतं. मी पुन्हा हात धुतले आणि दाढ कोरायच्या यंत्राच्या पेडलवर पाय ठेवला.