कौसल्याची दुसरी बॅटरी

गेल्या आश्विनात वादळ आलं आणि दारव्ह्याकडून येणाऱ्या लाइनचे अकरा खांब आडवे झाले. बोंडअळीचं ते चौथं वर्ष. जेवढा कापूस फुटला होता, तेवढाही भिजून बोंडांतून लोंबत होता. गावात मोटार चालत नव्हती, चक्की चालत नव्हती. गाव पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं शांत झालं होतं. त्या शांततेत मला दिवसाही झोपेत चालल्यासारखं वाटायचं.

पहिले दोन दिवस माझी मुलगी प्रेरणा मोबाईलवर दिसली. ती पुण्याला असते. तिला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी पलंगावरून उतरायचं नाही असं बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, रोज सातला तुमचं तोंड दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर मी गाडी करून निघेन."

"बारा तासांचा रस्ता आहे, बेटा. तुझ्या अंगाला झेपेल का?"

"आईच्या वेळेस मी वाट पाहत बसले होते."

चैत्रात कौसल्या, माझी बायको, गेली तेव्हाही वादळ होतं, लाइट नव्हती आणि टॉवरही बंद होता. घरचं नेट तीच चालू ठेवायची. ती गेली आणि नेटही गेलं. प्रेरणाला दुसऱ्या दिवशी कळलं. तिला आई दिसली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी टॉवरही बंद पडला. आता घरचं नेट सोडून दुसरी वाट नव्हती.

कौसल्या काय करायची ते मी पाहिलं होतं. फवारणीच्या पंपाची बॅटरी काढायची आणि तिला राउटरची वायर चिमट्यांनी लावायची. लाल कापड बांधलेला चिमटा लाल खुणेवर. चार वाजता मी तसंच केलं. राउटर लागला. पण एक हिरवा दिवा आणि एक लाल. लाल काही हिरवा होईना. मी चिमटे काढले, पुसले, परत लावले. मागे स्वयंपाकघरात कोणी भांडं ठेवल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं नाही. वळलो तर ते वाटणंही जाईल, म्हणून.

पाच वाजले तेव्हा मी बेबीताईकडे गेलो. नेटवाल्याची गावातली पेटी तिच्या ओसरीत आहे. पेटीला लाइट तिच्या घरची, त्याच्या बदल्यात तिला टीव्ही फुकट.

"ताई, माझा राउटर चालू आहे, पण नेट नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "भाऊजी, तुमच्या घरची बॅटरी तुमच्या घरापुरती. ही पेटी कशानं चालन? कौसल्या आणत होती ना हिच्यासाठी दुसरी."

"दुसरी? कुठली?"

"पिशवीत घालून आणे. वरतून कोथिंबीर ठेवे. तुम्हाले माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. लाइट गेली की कौसल्या पिशवी घेऊन बेबीताईकडे जायची. मी म्हणायचो, अंधार पडला की तुला गप्पा सुचतात. ती हसायची. दोन वर्षं मी तेच म्हणालो आणि दोन वर्षं ती तसंच हसली.

"कुठून आणायची ती?"

"भगवानरावले विचारा."

भगवानरावचं शेत माझ्या शेताला लागून आहे. डुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, येऊ नयेत म्हणून दोन्ही शेतांच्या तारेला आम्ही मिळून एक झटका मशीन बसवलं आहे. ते छोट्या सोलर प्लेटवर चालतं. मशीनच्या पोटात बॅटरी असते. शेताकडे जाताना धुकं उतरलं होतं. दोन्ही बाजूंना ओला कापूस, मधे पायवाट. माझ्यापुढे कोणीतरी चालत होतं. पदर खोचलेला, डाव्या हातात पिशवी. मी हाक मारली नाही. तिच्या मागे चाललो. चिखलात माझ्याच चपलेचा आवाज येत होता, तरी मी चाललो. दोन शेतांमधल्या धुऱ्यावर पोचलो तेव्हा तिथे फक्त भगवानराव होता.

"ये बापू. बॅटरी पाह्यजे ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तिसरा दिवस हाय. मी दुपारपासून वाटच पाहून राह्यलो. म्हटलं, ह्या बह्याडाले आज तरी उजेड पडते का नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"माह्या डोयासमोरून नेत होती. म्हणे, भाऊ, दोन तास द्या, सातची पोरीची वेळ हाय. मंग मी दोन तास डबा वाजवत बसो. तुही तूर मीच राखली, समजलं?"

"आणि मला काहून नाही सांगितलं कोणी?"

"तू नाही म्हटलं असतं. डुकरं येतीन म्हणून बोंबलला असता. बोल, असता का नाही?"

"असतो," मी म्हणालो.

त्यानं बॅटरी काढून माझ्या हातात दिली. "आता पय. अन् पोरीले सांग, नातू झाला का भगवानआजाले पेढे पाह्यजे. डुकरायच्या वाट्याचे बी."

बॅटरी जड होती. गावापर्यंत मला तीनदा हात बदलावा लागला. कौसल्या एका हातात नेत असे, वर कोथिंबीर ठेवून. बेबीताईनं चिमटे काढूनच ठेवले होते. पेटीवर एकामागून एक दिवे लागले. मी पळत घरी आलो. या वयात पळालो.

लाल दिवा हिरवा झाला तेव्हा सातला पाच मिनिटं कमी होती. मीच फोन लावला.

प्रेरणा उभी होती. अंगात बाहेर जायचे कपडे, पायात चपला. मागे दाराजवळ जावई बॅग धरून उभे होते.

"बाबा!"

"मी ठीक आहे. चपला काढ. आधी पड."

ती तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. जावयांनी बॅग ठेवली, तिला उठवून पलंगावर नेलं, फोन उशीला टेकवला आणि गाडीवाल्याला नाही म्हणून सांगायला बाहेर गेले.

"कसं केलंत? आईसारखं जमलं तुम्हाला?"

मी तिला सगळं सांगितलं. पिशवी, कोथिंबीर, धुरा, डबा. पाऊलवाटेवर जे दिसलं तेही सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, बंद नका करू."

"नाही करत."

बाहेर पुन्हा बारीक पाऊस लागला होता. तिचे डोळे मिटत गेले. पोटावर हात ठेवून ती झोपली. तिचा श्वास वर येत होता, खाली जात होता. बॅटरी चालेल तोवर मी तो पाहत बसलो.